एकशे साठ रत्तल

धोंडी हवालदारांच्या चेहऱ्यावर नाक होतं, पण ते शोधावं लागायचं. समोरून पाहिलं तर दोन भोकं आणि वर जरासा उंचवटा, एवढाच ऐवज. चष्मा लागला तेव्हा इस्लामपूरच्या चष्मेवाल्यानं हात टेकले. शेवटी दोन्ही काड्यांना सुतळी बांधून तो डोक्यामागं आवळावा लागला. हवालदारांना सर्दी झाली की शिंक बाहेर पडायची वाट शोधत दोन दोन दिवस आतल्या आत फिरते, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असे. हवालदार समोर असले की लगेच हात वर करायचे.

"दोन दिस न्हाई. दोन घटका."

आमचं गाव तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, इस्लामपूर-आष्टा रस्त्यावर, आणि माझं सायकलचं दुकान गावाच्या तोंडाला, सर्व्हिस मोटार धूळ उडवत थांबायची तिथं. पलटणीतनं पेन्शनीत आल्यावर रोज चारला माझ्या बाकावर बसायचं असं हवालदारांनी ठरवलं, आणि त्यांनी ठरवलं की सूर्यानं पुढंमागं व्हायचं. मे महिन्यातसुद्धा अंगात फौजेचा लोकरी कोट. डावा कान बहिरा, म्हणून ते नेहमी माणसाच्या डाव्या अंगाला बसत. आणि उभे राहिले की डावा पाय पुढं, उजवा मागं, हनुवटी छातीशी. लग्नात अक्षता टाकायलाही असेच उभे. एकदा एक नवरदेव त्यांना बघून मुंडावळ्यांसकट दोन पावलं मागं सरला. हे खरं आहे.

ते पलटणीत बॉक्सिंग करत. आमच्या गावाला कुस्ती कळायची. गावात तालीम होती, लाल माती होती, आणि हिंदुराव वस्ताद नावाचा डोंगर होता. वस्तादांच्या मते बॉक्सिंग म्हणजे हातात उशा बांधून केलेलं भांडण. "पाठ लागत न्हाई, माती लागत न्हाई, मग जितला कोन हे ठरवायचं कुनी, न्हाव्यानं?" असं ते विचारत. हवालदार चिडत नसत. चिडण्याबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता, आणि तो ते नवराबायकोच्या भांडणापासून भावकीच्या बांधापर्यंत सगळीकडं लावत. "पोट रिकामं असलं की राग येतो. राग आला की हात वर जातो. हात वर गेला की बरगडी उघडी पडती. तवा आदी दोन घास खाऊन घ्या, मग भांडा."

त्यांना खोटं खपत नसे. माझा तर धंदा पंक्चरचा आणि खरा उद्योग थापांचा. एकदा मी आष्ट्याच्या बाजारात सांगितलं की आमच्या हवालदारांनी उधळलेल्या बैलाला कपाळावर एकच ठोसा मारून खाली बसवला. पुढच्या बाजाराच्या दिवशी हवालदार सकाळीच दारात. "चल." मला चालत आष्ट्याला नेलं. ज्यानं ज्यानं गोष्ट ऐकली होती त्याच्यासमोर उभं केलं आणि स्वतः सांगितलं, "बैल न्हवता, खोंड हुतं. आन म्या मारलं न्हाई, त्ये आपलं आपन बसलं. सदा, बरोबर हाय का न्हाई?" मी "बरोबर" म्हणायचो आणि पुढच्या माणसाकडं जायचं. असे चौदा जण. पंधरावा गावाला गेला होता म्हणून सुटलो.

त्यांचं नाक कसं गेलं ते मात्र त्यांनी फार उशिरा सांगितलं, आणि त्यात मला एक शब्दही वाढवता आला नाही. पलटणीत एक गोरा कप्तान होता. त्याला बॉक्सिंगचा नाद. सरावाला समोर कुणीतरी हवं. चार वर्षं रोज संध्याकाळी हवालदार त्याच्यासमोर उभे राहिले. "गुद्दा खायाचा हुकूम हुता. मारायचा न्हवता." एकदा चुकून उजवा हात सुटला आणि साहेब गवतात आडवा. हवालदारांना चौदा दिवसांची कोठडी झाली.

"त्या चौदा दिसांवानी झोप मला पुन्हा लागली न्हाई गड्या," ते म्हणाले, आणि माझ्या दुकानातलं एक चाक उगाच फिरवत बसले. चाक थांबलं तसे म्हणाले, "मधल्या वजनाचा किताब म्या घेतला असता. पर नाव कोन घालनार? हुकूमच आला न्हाई."

हुकूम आला तो त्यांच्या भाच्याला. त्यांची थोरली बहीण आक्का गावातच दिलेली, नवरा गेलेला, आणि तिचा एकुलता एक किसना. सहा फुटाला दोन बोटं कमी, लांब हात, तोंडातनं शब्द काढायला पैसे पडतात असा स्वभाव. हवालदारांनी लिंबाच्या झाडाला वाळू आणि चिपाडं भरलेलं पोतं टांगून त्याला तयार केला आणि स्वतःच्याच पलटणीत भरती केला. लढाईत तो बाहेर जाऊन आला. लढाई संपली आणि वर्षभरानं त्याचं पत्र आलं: पुण्याला फौजेच्या मधल्या वजनाच्या किताबासाठी माझं नाव लागलंय, समोर गोरा सार्जंट आहे, तीन वर्षं किताब त्याच्याकडं आहे, त्याआधी महिन्याची रजा मिळाली आहे, येतो.

पत्र माझ्या दुकानात वाचलं गेलं आणि संध्याकाळपर्यंत गावात बॉक्सिंग न कळणारं एक कुत्रंही उरलं नाही. त्याला कारण होतं. गेली चार वर्षं आमच्या भागात गोऱ्या सरकारविरुद्ध काय काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तारा तुटल्या, चौक्या जळल्या, माणसं उसात लपली, काही परत आली नाहीत. आणि आता एक असा बेत निघाला होता की गोऱ्याला भर दिवसा, त्याच्याच मैदानात, त्याच्याच लोकांसमोर मारायचं, आणि वर त्यानं आपल्याशी हात मिळवायचा! एक माणूस वॉरंट अंगावर असताना फक्त "सार्जंट किती उंच हाय?" एवढं विचारायला माझ्या दुकानात येऊन गेला. पलटणीतल्या माणसांनी मात्र कळवलं होतं की किसनाला कुणी खिजगणतीत धरत नाही. हे ऐकून गावाला आणखी चेव आला.

हवालदारांना गोरा-काळा काही नव्हतं. त्यांना किताब हवा होता. त्या दिवसांत ते बाकावर बसेनासे झाले. उभेच राहायचे, डावा पाय पुढं.

अडचण होती ती वजनाची. मधलं वजन म्हणजे एकशे साठ रत्तल, साहेबाच्या भाषेत पौंड. त्यावर गुंजभर भरला तरी बाहेर. ही गोष्ट आमच्या गावाच्या डोक्यात शिरणं अशक्य होतं. पैलवान म्हणजे खुराक. ज्याच्यावर जीव त्याला चारायचं, ज्याच्यावर गावाचा मान त्याला दोन वेळा चारायचं.

"मधलं म्हंजी?" वस्तादांनी विचारलं. "अर्धा पैलवान?"

"वजनाचा कायदा हाय, वस्ताद."

"आवं हवालदार, उपाशी मानूस लढतोय व्हय? आमी बदाम धाडतो."

"बदाम नगं."

"तूप?"

"तूप बी नगं!"

किसना आला त्या दिवशी हवालदारांनी त्याला मोटारीतनं उतरवला तो थेट गुळाच्या काट्यावर नेला. हंगाम चालू होता. गुळाचा व्यापारी गावाबाहेर वडाखाली काटा टांगून बसायचा. दोन दणकट पारडी, एका पारड्यात गुळाची ढेप, दुसऱ्यात वजनं. किसना पारड्यात मांडी घालून बसला. अर्धा गाव भोवती. भरला एकशे पंचावन्न.

"मामा, पलटणीत एकशे साठ भरलो हुतो," किसना म्हणाला. त्या सबंध महिन्यात त्यानं बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

"आगगाडीत वाळलास," हवालदार म्हणाले. त्यांच्या तोंडावर कधी न पाहिलेला आनंद होता. "पाच रत्तल जागा हाय. आक्का, दूद चालू कर!"

गाव ओरडलं. वस्तादांनी त्या काट्याला नारळ फोडला. आणि मी, तोंडाचा पट्टा कधी बंद न ठेवणारा मी, खोबरं वाटत फिरलो.

पुढचा महिना आक्काच्या दारात भांड्यांची रांग लागली. म्हशीचं दूध, अंडी, बदाम, कोंबडी. वाळव्याहून कुणीतरी डोक्यावर हंडा घेऊन आलं. एका धनगरानं पूर्वेकडच्या माळावरनं बकरं हाकत आणलं आणि किसना खाईपर्यंत दारातनं हलला नाही. हवालदार पोलिसासारखे उभे राहून मोजून द्यायचे, उरलेलं परत पाठवायचे. दर सोमवारी काटा. छप्पन्न. सत्तावन्न. पोतं मार खाऊन दोनदा फाटलं. शेवटच्या सोमवारी एकशे साडेएकोणसाठ. हवालदारांनी टोपी काढून काट्याला हात जोडले.

पुण्याला आम्ही नऊ जण गेलो. ताकारीला गाडी धरली, भाकऱ्या बांधून घेतल्या होत्या, आणि वस्ताद दारातनं आत मावावेत म्हणून आम्ही त्यांना आडवं केलं. ही थाप आहे, पण गाडीत सगळे इतके खुशीत होते की त्या दिवशी हवालदारसुद्धा माझ्या थापांना हसले.

सकाळी छावणीत वजन झालं. हवालदार जुने म्हणून त्यांना आत घेतलं, आम्ही जाळीबाहेर. साहेबानं काट्याकडं पाहिलं, मग किसनाकडं पाहिलं, मग पुन्हा काट्याकडं. एकशे साडेचौसष्ट. किसनाला उतरवून पुन्हा चढवला. साडेचौसष्ट.

हवालदारांचा चेहरा मी जाळीतनं पाहत होतो. आधी त्यांना साहेबाचा राग आला. मग काटा चुकलाय असं त्यांना वाटलं. ते स्वतः काट्यावर चढले, उतरले. आणि मग ते जागच्या जागी थांबले. त्यांच्या ओठांची हालचाल झाली, मनाशी हिशेब केल्यासारखी. ते वळले आणि जाळीपाशी माझ्याकडं आले.

"सदा, ढेपेमागं किती खातो आपला काटा?"

मला उत्तर द्यायची गरजच नव्हती. ढेपेमागं दोन रत्तल. तेवढं तो कमी दाखवायचा, हे आमच्या गावात शेंबड्या पोराला माहीत होतं. दर हंगामाला त्या काट्याला आम्ही शिव्या घालायचो. खुद्द हवालदार दरवर्षी त्या व्यापाऱ्याशी भांडायचे, एकदा तर त्यांनी आपला गूळ उचलून परत घरी नेला होता. आणि त्याच काट्यात आम्ही आमचं पोर घातलं होतं. गूळ घातला असता तर आम्ही लगेच ओरडलो असतो.

"किसना म्हंजी अडीच ढेपा," हवालदार म्हणाले. "ढेपेमागं दोन. पाच रत्तल. पोरगं सांगत हुतं मला."

साहेबानं दोन तास दिले. किसनाला तीन घोंगड्या आणि वर लोकरी कोट घालून मैदानाभोवती पळवलं. पाण्याचा थेंब नाही. तोंडात चिंच देऊन थुंकायला लावलं. हवालदार, वय पन्नासच्या पुढं, त्याच्या बाजूनं पळत होते आणि म्हणत होते, "माजी चूक, माजी चूक," पावलांच्या तालावर. शेवटी चिमूटभर वजन राहिलं. केस काढले. तरी काटा हलेना. मग हवालदारांनी न्हाव्याच्या हातातला वस्तरा घेतला आणि स्वतः किसनाची मिशी काढली. साताऱ्याच्या शिपायाची मिशी! किसनानं डोळे मिटून घेतले होते. एकशे साठ भरलं, बरोबर.

संध्याकाळी तो गोऱ्या सार्जंटसमोर उभा राहिला तेव्हा मी त्याला ओळखला नाही.

पहिली फेरी आमची. यात मी काही वाढवत नाही, वाढवायची गरज नाही. पोत्यावर जो डावा हात पाहिला होता तो सार्जंटच्या तोंडावर असा पडत होता की मागं बसलेले गोरेही पुढं सरकले. फेरीच्या शेवटी सार्जंट गुडघ्यावर आला. आम्ही काय केलं ते आम्हालाच आठवत नाही. शेजारच्या एका अनोळखी पठाणाला मिठी मारून मी रडत होतो, आणि तोही का रडत होता देव जाणे. वस्ताद, हातात उशा बांधलेलं भांडण म्हणणारे वस्ताद, बाकावर उभे राहून "हाण रं माज्या वाघा!" म्हणून ओरडत होते. हवालदार मात्र बसून होते.

दुसऱ्या फेरीत किसनाचं तोंड उघडं पडलं. जीभ पांढरी. पाय मातीत रुतल्यासारखे. तरी तो मारत होता.

तिसऱ्यात त्याचे हात खाली आले. सार्जंटनं आधी बरगडीवर मारलं, मग डाव्या डोळ्यावर, मग पुन्हा त्याच डोळ्यावर. किसना पडला नाही. पडला असता तर बरं झालं असतं. हवालदार उठले.

"थांबवा!" ते किसनाच्या कोपऱ्यातल्या पलटणीच्या माणसांना ओरडले. "टॉवेल टाका! पोरगं मरंल!"

"हवालदार, गप बसा!" आमच्यातलेच ओरडले. "आजून जितंल त्ये! खाली बसा!" आणि त्यांचा कोट धरून त्यांना खाली ओढलं. त्या ओढणाऱ्या हातांत एक हात माझा होता.

त्यानंतर डाव्या डोळ्यावर आणखी तीन गुद्दे बसले. मग किसना पडला.

तो दवाखान्यात राहिला, आम्ही परत आलो. गावाला तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न मीच सोडवला. दुकानात पहिल्याच गिऱ्हाइकाला सांगितलं, गोऱ्याच्या हातमोज्यात घोड्याचा नाल होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, त्यावर कारखान्याचा छापसुद्धा होता. गावाला असं काहीतरी हवंच होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत नालाचे दोन नाल झाले. वस्ताद शपथेवर सांगू लागले. आक्काच्या रडण्यातही नाल आला: "माज्या लेकराला लोखंडानं मारलं गं." मला वाटलं, चला, निदान हवालदारांचं नाव यात कुठं येत नाही.

चौथ्या दिवशी चार वाजता हवालदार आले. बसले नाहीत. दुकानात माणसं होती, वस्तादही होते.

"नाल न्हवता," ते म्हणाले. "काटा हुता."

त्यांनी एकेकाकडं पाहिलं.

"ढेपेमागं दोन रत्तल. मला ठावं हुतं. तुमाला समद्यांस्नी ठावं हुतं. पर वजनाचा कायदा मला एकट्याला ठावा हुता, तवा बोलायचं माज्याकडं हुतं. आन पोरगं मला म्हनालं बी हुतं, मामा, एकशे साठ भरलो हुतो. म्या म्हनलं, आगगाडीत वाळलास."

"आवं हवालदार, असू द्या की," वस्ताद खालच्या आवाजात म्हणाले. "झालं त्ये झालं. लोकांस्नी नालच बरा वाटतोय."

"गोऱ्यानं सरळ मारलं, वस्ताद. चोरी आपल्या काट्यात हुती."

ते निघून गेले. आणि गाव त्यांच्यावर उलटलं. हरल्याचं गावानं सोसलं असतं, पण हाती आलेला नाल त्यांनी काढून घेतला होता. लोक त्यांना बघून वाट बदलू लागले. आक्कानं भावाशी बोलणं सोडलं. दूध तिच्या हातानं पाजलेलं होतं ना, त्यानंच लेकाचं वजन चढलं हे तिला आधी कळलं नव्हतं, आता कळलं. माझ्याकडं येऊन मात्र ते पूर्वीसारखे बसत. मी त्यांच्या उजव्या अंगाला. मी त्या काळात थापा मारणं बंद केलं होतं असं सांगावंसं वाटतं, पण ते काही खरं नाही. फक्त ते बसलेले असताना मला सुचायचं नाही.

किसना तीन महिन्यांनी मोटारीतनं उतरला. डाव्या डोळ्याची बाहुली पांढरी, पलटणीतनं नाव कमी केलेलं. हवालदार बाकावरनं उठले. दोघं समोरासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल आणि त्या बोलण्यानं म्हातारा जागीच संपेल.

"मामा," किसना म्हणाला, "पयली फेरी बगितली न्हवं?"

"बगितली."

"मी पुन्हा नाव घालनार हाय."

एवढंच. त्या काट्याबद्दल किंवा मिशीबद्दल त्यानं कधी एक अक्षर काढलं नाही. पलटणीला त्यानं अर्ज लिहिले, मीच लिहून दिले, पाच की सहा. एकाचंही उत्तर आलं नाही. एका डोळ्याच्या माणसाला कोण उतरवणार? हे गावाला कळत होतं, हवालदारांना सगळ्यांच्या आधी कळत होतं. अर्ज टपालात टाकायला मात्र तेच इस्लामपूरला जायचे.

हवालदार वारले त्याच्या आधीचा उन्हाळा. मी एक दुरुस्त केलेली सायकल आष्ट्याला पोचवायला निघालो होतो. सकाळची वेळ. ओढा ओलांडला की आक्काचं रान लागतं. ऊस तुटून गेलेला, पाचट पेटवलेलं, सगळं काळं पडलेलं रान. त्यात ते दोघं उभे होते.

हवालदारांनी कोट काढून बांधावर ठेवला होता. कोटाशिवाय ते मला पहिल्यांदाच दिसले. अंगानं किती बारीक झाले होते! दोन्ही हात खांद्याच्या उंचीला धरून, पंजे उघडे. समोर किसना त्या पंजांवर गुद्दे मारत होता. मी सायकलवरून उतरलो.

एका डोळ्याला अंतर कळत नाही. किसनाचा उजवा ठोसा सुटायचा आणि पंजाच्या बाजूनं वीतभर चुकून हवेत जायला निघायचा. आणि दर वेळी, तो तिथं पोचायच्या आत, हवालदारांचा पंजा सरकून त्याच्यासमोर यायचा. फट्ट आवाज व्हायचा. म्हातारा त्या आवाजासरशी अर्धं पाऊल मागं ढकलला जायचा आणि पुन्हा पुढं येऊन उभा राहायचा. पंजे लाल झाले होते, ते मला रस्त्यावरून दिसत होतं.

"मामा, बसला का?"

"बसला की रं."

"मधी बसला?"

"मधोमध."

किसनानं घाम पुसला आणि पुन्हा मुठी वळल्या. ठोसा सुटला, पहिल्यापेक्षाही लांबून चुकला, आणि हवालदार तोल जाईपर्यंत वाकून त्याच्या वाटेत हात घेऊन गेले.